गोळीचा अर्धा तास

वाचकहो, मागच्या अंकात थायरॉइडबद्दल पत्रं मागवली होती. इतकी आली की सगळ्यांना इथे उत्तर देणं शक्य नाही. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत आणि नावं गाळली आहेत. पुन्हा एकदा सांगते, मी डॉक्टर नाही. अमळनेरला 31 वर्षं मेडिकलच्या काउंटरमागे उभी राहिले, आणि त्यातली शेवटची 19 वर्षं मी स्वतःही थायरॉइडचीच गोळी घेत होते, आजही घेते. डोस ठरवणं तुमच्या डॉक्टरांचं काम आहे. पण दवाखान्यातून घरी आणलेल्या गोळीचं पुढे काय होतं, ते मी रोज पाहिलं आहे. त्याबद्दलच लिहिते.

ताई, माझं वय 39, वजन 58 किलो. आमची केळीची बाग आहे. चार वर्षांपासून थायरॉइडची गोळी चालू आहे. आधी 50 ची होती, मग 75, आता 100 केली. तरी या वेळी टीएसएच 11.8 आलं. डॉक्टर म्हणाले, गोळी नीट घेत नाही. मनुदेवीची शपथ, मी एकही दिवस चुकवत नाही. पहाटे साडेचारला उठते. हे रात्रीच्या लाइटवर बागेला पाणी भरून येतात, त्यांच्यासोबत चहा होतो. त्या चहासोबतच गोळी घेते. रक्त कमी म्हणून लोहाची लाल गोळी दिली आहे, तीही तेव्हाच, म्हणजे विसरायला नको. अंग जड राहतं, टाचांना भेगा, दुपारी घड वाहताना झोप येते. सासूबाई म्हणतात, 'गोया खाईसन बी हाल तेच.' अजून किती वाढवायची? — एक बहीण, यावल तालुका

बहिणी, तुझ्यावर माझा पूर्ण विश्वास आहे. तू एकही दिवस चुकवत नाहीस. पण गोळी तोंडात गेली म्हणजे ती रक्तात पोचली असं नसतं. तुझी गोळी पोटातच अडते आहे. टीएसएच म्हणजे थायरॉइड ग्रंथीला 'काम कर' म्हणणारा मेंदूकडचा निरोप. अंगात थायरॉइडचं द्रव्य कमी पडलं की तो आकडा चढतो, जास्त झालं की उतरतो.

लोह आणि थायरॉक्झिन, म्हणजे तुझ्या थायरॉइडच्या गोळीतलं औषध, एका वेळी पोटात गेले की एकमेकांना धरून बसतात. मग थायरॉक्झिनचा मोठा भाग आतड्यातून शोषलाच जात नाही. कॅल्शियमचंही तसंच, आणि पित्तावरच्या पातळ औषधांचंही. या सगळ्यांत आणि थायरॉइडच्या गोळीत चार तासांचं अंतर हवं. चहा-दूध आणि खाणं गोळीनंतर किमान अर्ध्या तासाने, तासाने झालं तर आणखी चांगलं. तुझ्या पहाटेच्या त्या एका कपाशेजारी या सगळ्या गोष्टी एकत्र येतात.

आता हिशोब पाहा. ज्यांची ग्रंथी जवळजवळ काम करेनाशी झाली आहे, त्यांनासुद्धा साधारण किलोमागे 1.6 मायक्रोग्रॅम लागतात. तुझ्या 58 किलोला ते 93 च्या आसपास होतं. म्हणजे तुझ्या हातात असलेली 100 ची गोळी कमी नाही. म्हणून 'अजून किती वाढवायची' हा प्रश्न आज बाजूला ठेव. डॉक्टरांकडे जा आणि चहाचं, लाल गोळीचं सगळं जसं मला लिहिलंस तसंच त्यांना सांग. त्यांनी कदाचित हे विचारलंच नसेल, आणि आपणही सांगत नाही. वेळ बदलण्याआधी त्यांना सांगणं गरजेचं आहे, कारण तीच 100 ची गोळी आता पूर्ण लागू पडली तर काहींना ती जास्तही होते. छातीत धडधड, हातांना कंप, झोप उडणं असं काही वाटलं तर थांबू नकोस, लगेच दाखव. नाहीतर सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच कर. त्याआधी केलेला रिपोर्ट अर्धवट असतो, शरीराला नवी पातळी धरायला तेवढा वेळ लागतोच. त्या सकाळी आधी रक्त द्यायचं, गोळी नंतर घ्यायची.

रात्री झोपताना गोळी घेतली तरी चालते, पण जेवण होऊन तीन तास झालेले हवेत. तुमच्याकडे साडेआठला ताट वाढलं जातं आणि दहाच्या आत अंग टाकलं जातं, म्हणून तुला ते जमेल असं मला वाटत नाही. तुझ्यासाठी पहाटच बरी. साडेचारला उठलीस की चूळ भर आणि पेलाभर साध्या पाण्यासोबत गोळी घे. लाल गोळी दुपारी, बागेतून आल्यावर. चहा पाचनंतर.

इथेच आपल्या बायकांचं अडतं, हे मला ठाऊक आहे. नवरा रात्रभर पाण्यात उभा राहून आलाय, चहा उकळतोय, आणि आपण म्हणायचं की माझा कप अर्ध्या तासाने? काउंटरवर शेकडो बायकांना मी 'उपाशीपोटी घ्या' असं सांगितलं असेल. त्या मान डोलवायच्या. घरी गेल्यावर तो अर्धा तास त्यांना कोणी देत नसे आणि त्या मागतही नसत. बीपीच्या गोळीला कोणी काही म्हणत नाही, साखरेच्या इंजेक्शनसाठी सगळं घर थांबतं. या गोळीसाठी मात्र बाईने चहा पुढे ढकलला की घरच्यांना ते नखरे वाटतात. तुझ्या घरच्यांना हे पान वाचून दाखव. चहा त्यांना गरम गरम दे, तू तुझा नंतर घे. सासूबाईंचं म्हणणं खोटं नाही, गोळ्या खाऊन हाल तेच आहेत. पण दोष गोळीचाही नाही आणि तुझाही नाही, दोष वेळेचा आहे.

माझंच सांगते. पाळी गेल्यावर हाडांसाठी कॅल्शियम सुरू झालं. मी दोन्ही गोळ्या एकाच डबीत ठेवल्या आणि सकाळी एकदमच घेत गेले. वर्षभरात टीएसएच 2.6 वरून 9.4 वर गेलं. बिल करताना आकडे डोळ्यांपुढे स्थिर राहायचे नाहीत, संध्याकाळी शटर ओढायला हात उचलत नसे. मला वाटलं, वय झालं. कॅल्शियम रात्रीच्या जेवणावर नेलं आणि दोन महिन्यांनी रिपोर्ट जागेवर आला. डोस तसूभरही वाढवावा लागला नाही.

आणखी एक, आपल्याकडच्या उन्हाचं. एका मे महिन्यात एक आजी 100 गोळ्यांची बाटली घेऊन आल्या. 'हाई गोयी लागू पडत नाही' म्हणाल्या. बाटली हातात घेतली तर ती गरम होती, चुलीजवळून काढलेल्या भांड्यासारखी. पत्र्याच्या घरात, अगदी पत्र्याखालच्या फळीवर ती महिनाभर होती. झाकण उघडं आणि आत ओलावा शोषणारी पुडीही नव्हती, ती नातवाने फेकून दिलेली. थायरॉक्झिन उष्णता, उजेड आणि दमटपणा सहन करत नाही. बाटलीवर 25 किंवा 30 अंशांच्या खाली ठेवा असं छापलेलं असतं, आणि जळगाव-भुसावळकडे वैशाखात पारा 45 च्या पुढे जातो. गोळी बिघडली तरी दिसायला बहुधा तशीच राहते, म्हणून कळत नाही. मूळ बाटलीतच, झाकण घट्ट लावून, घरातल्या सगळ्यात थंड आणि कोरड्या खोलीत ठेव. फ्रीजच्या डोक्यावर नको, तिथे गरम वाफ येते. ओट्याजवळ नको. आणि उन्हाळ्यात एकदम तीन महिन्यांच्या बाटल्या आणून ठेवू नकोस.

सून दोन महिन्यांची पोटुशी आहे. लग्नाआधीपासून थायरॉइडची 75 ची गोळी घेते. गल्लीतल्या बाईने सांगितलं, पोटात बाळ असताना गोळी नको, गरमी पोचते. तिने आठ दिवसांपासून बंद केली. माझा जीव थाऱ्यावर नाही. — एक सासू, शिरपूर

माय, तुमचं पत्र हातात पडलं त्याच दुपारी मी तुम्ही दिलेल्या नंबरवर फोन केला होता. तुम्ही सुनेला घेऊन लगेच निघालात, हे ऐकून डोळे भरून आले. बाकीच्यांसाठी इथे लिहिते, कारण असंच सांगणारी बाई प्रत्येक गल्लीत आहे.

गरोदरपणात ही गोळी बंद करायची नसते. उलट बहुतेकींना ती वाढवावी लागते, अंदाजे पाव ते एक तृतीयांश इतकी, आणि तीही अगदी सुरुवातीच्या आठवड्यांपासून. पहिले तीन महिने बाळाची स्वतःची ग्रंथी तयार होत असते. त्या काळात त्याच्या मेंदूच्या वाढीला लागणारं थायरॉक्झिन आईच्या रक्तातूनच येतं. आईकडेच कमी असेल तर बाळाला कुठून मिळणार? ही गोळी म्हणजे बाहेरचं काही नाही, आपली ग्रंथी जे बनवते तेच आपण वरून देतो. गरमी पोचत नाही. गर्भ राहिल्याचं कळलं की त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचं, पुढच्या तपासणीची वाट पाहायची नाही. मग साधारण 20 आठवड्यांपर्यंत दर चार आठवड्यांनी टीएसएच.

आता लोह-कॅल्शियमच्या गोळ्याही सुरू होतील. त्या टाळायच्या नाहीत, फक्त दुपारनंतर न्यायच्या, आणि त्या दोघींतही दोन तासांचं अंतर ठेवायचं. बाळंतपणानंतर डोस पुन्हा कमी होतो, तो डॉक्टर सांगतील. अंगावर पाजताना गोळी चालते. एक गोष्ट मात्र आजच मनाशी बांधून ठेवा. बाळ जन्मल्यावर तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या सुमारास त्याच्या टाचेतून रक्ताचे थेंब घेऊन थायरॉइड तपासतात. घाईघाईने सुट्टी घेऊन घरी येताना ती तपासणी राहून जाते. तुम्ही सासू आहात, तुमचा शब्द घरात चालतो. तुम्ही स्वतः विचारा.

मावशी, मी 20 वर्षांची, शहाद्याची, धुळ्याला होस्टेलला असते. सगळे म्हणतात थायरॉइड झालं की माणूस सुटतो, मी तर वाळले. चार महिन्यांत 9 किलो गेले. बसल्या बसल्या छाती धडधडते, पेपर लिहिताना अक्षर हलतं. टीएसएच 0.01 पेक्षा कमी आलं. कार्बिमॅझोल आणि धडधडीची गोळी दिली. आखाजीला घरी गेले तेव्हा गोळ्या संपल्या. आत्या म्हणाली, माझ्या घे, थायरॉइडच्याच आहेत. घेऊ का? आणि आई म्हणते, स्थळ येतंय, कोणाला सांगू नको.

बेटा, आत्याच्या गोळीला हात लावू नकोस. आत्याची ग्रंथी मंद झाली आहे, म्हणून तिला ते द्रव्य वरून देतात. तुझी ग्रंथी गरजेपेक्षा जास्त बनवते आहे. तिची गोळी घेतलीस तर भरल्या माठात आणखी घागर ओतल्यासारखं होईल. एका घरात दोघींना 'थायरॉइड' असतो आणि दोघींची औषधं एकमेकींच्या उलट असतात. ही गल्लत मी स्वतः पाहिली आहे, आणि त्या मुलीला रात्री दवाखान्यात न्यावं लागलं होतं.

कार्बिमॅझोल ग्रंथीचं हे जास्तीचं बनवणं कमी करते. तिचा गुण दिसायला तीन ते सहा आठवडे लागतात, कारण ग्रंथीत आधीच साठलेला साठा संपायला वेळ लागतो. तोवर धडधड सांभाळायला दुसरी गोळी आहे. मध्येच खंड पडू देऊ नकोस. सुट्टीला जाताना आठ दिवस जास्तीच्या गोळ्या बॅगेत ठेवत जा. बरेचदा हे औषध 12 ते 18 महिने चालतं.

आता हे नीट वाच आणि होस्टेलच्या मैत्रिणीलाही वाचायला दे. या गोळीने क्वचित कोणाच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी एकदम कमी होतात. म्हणून ताप आला, घसा खूप दुखला किंवा तोंडात फोड आले तर कार्बिमॅझोल घेणं थांबवायचं आणि त्याच दिवशी रक्ताची सीबीसी तपासणी करायची. मेडिकलमधून घशाची गोळी घेऊन झोपायचं नाही. डोळे पिवळे दिसले तरी तसंच. आणि डोळ्यांत खडे टोचल्यासारखं वाटलं, एकाचे दोन दिसले तर तेही डॉक्टरांना सांग.

आईला माझा निरोप दे. मुलीच्या आजाराची भीती मला कळते, मी पण मुलीची आई आहे. पण लपवलेली गोळी कपाटात साड्यांच्या खाली जाते, आणि मग ती चुकते. नव्या घरात पहिल्या महिन्यात गोळ्या बंद केलेल्या सुना मी पाहिल्या आहेत. त्यात हे औषध चालू असताना गर्भ राहण्याआधी डॉक्टरांशी बोलावंच लागतं, तेव्हा औषध बदलण्याचा विचार करतात. होणाऱ्या नवऱ्याला माहीत नसेल तर ते कसं जमणार? जे स्थळ एका गोळीवरून परत जाईल ते गेलेलंच बरं, असं माझं स्पष्ट मत आहे.

बाजरीची भाकरी, फुलकोबी, शेंगदाणे बंद करायचे का? सैंधव मीठ चांगलं का? गोळी सुरू होऊन तीन महिने झाले तरी वजन आणि केस तसेच आहेत. हरतालिकेला निर्जळी करते, गोळी कशी घ्यायची? (चोपडा, एरंडोल, नवापूर आणि इतर अनेक ठिकाणांहून)

भाकरी बंद करू नका. बाजरीत ग्रंथीच्या कामात अडथळा आणणारे घटक आहेत हे खरं, पण त्यांचा त्रास तिथे होतो जिथे रोजचं पोट बाजरीवरच भरतं आणि आयोडीनही कमी पडतं. आपल्या ताटात ज्वारी, कळण्याची भाकरी, गहू असं आलटून पालटून असतं. कोबी, फुलकोबी शिजवून खा. शेंगदाण्याची मूठभर चटणी खुशाल खा. सोयाबीन खात असाल तर गोळीच्या वेळेपासून लांब ठेवा.

सैंधवात पुरेसं आयोडीन नसतं. आपल्या देशात गलगंडाविरुद्धचा कार्यक्रम 1962 पासून चालू आहे, तो मिठाच्या जोरावरच. घरी पोचलेल्या मिठात किमान 15 पीपीएम (दहा लाख भागांत 15 भाग) आयोडीन असायला हवं. उपवासाला सैंधव वापरा, रोजच्या भाजीत आयोडीनयुक्तच. पण आयोडीनच्या वेगळ्या गोळ्या मनाने घेऊ नका, त्यांनी काहींचा त्रास वाढतो.

वजनाचं खरं सांगते, मग राग येऊ देऊ नका. ग्रंथी मंदावल्यामुळे चढणारं वजन बहुतेकांचं दोन-चार किलो असतं आणि त्यात अंगात साठलेल्या पाण्याचा वाटा मोठा. तेवढं उतरेल. बाकीच्याला चालणं आणि ताट सांभाळणं लागतं. त्यासाठी गोळीचा डोस वाढवून घेणं हृदयाला आणि हाडांना बाधतं. केसांना आणखी काही महिने द्या. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर रक्त देण्याआधी किमान दोन दिवस बंद ठेवा, त्यांच्यामुळे थायरॉइडचा रिपोर्ट चुकीचा येऊ शकतो.

हरतालिकेला उपास सुरू होण्याआधी पहाटे पाण्यासोबत गोळी घ्या. तेही नको असेल आणि तुम्ही गरोदर नसाल, तर एक दिवस चुकल्याने बिघडत नाही. हे औषध रक्तात निम्म्यावर यायलाच सात दिवसांच्या आसपास लागतात. रोजे धरणाऱ्या बहिणींनी सहरीच्या अर्धा तास आधी घ्यावी, किंवा रात्री शेवटच्या खाण्यानंतर तीन तासांनी.

रामराम ताई. वय 67, एसटीत ड्रायव्हर होतो, 2019 ला हृदयात स्टेंट टाकला. टीएसएच 14 आलं. डॉक्टरांनी फक्त 25 ची गोळी दिली. शेजाऱ्याला एकदम 100 ची दिली होती. मला कमी का? आणि ही जन्मभर घ्यायची म्हणतात, सवय तर लागणार नाही? — धुळे

रामराम भाऊ. तुमच्या डॉक्टरांनी विचार करूनच 25 दिली आहे. ही गोळी शरीराचं इंजिन जलद करते, तसं हृदयालाही जास्त काम पडतं. ज्याच्या हृदयात आधी अडथळा होता त्याला थोड्यापासून सुरू करून हळूहळू वाढवतात. तुम्ही कोंडाईबारीचा घाट भरल्या गाडीने किती वेळा चढला असाल. तो थेट चौथ्या गेअरमध्ये काढत नाहीत, हे तुम्हाला मी काय सांगणार. शेजाऱ्याचं वय आणि हृदय वेगळं असेल.

सवय लागणं म्हणजे नशेसारखं ओढ लागणं. तसं इथे काही नाही. चष्मा रोज लावतो, तशी ही गोळी रोज लागते. ही गोळी नव्हती तेव्हा काय व्हायचं ते ऐका. 1891 साली इंग्लंडमध्ये जॉर्ज मरे नावाच्या डॉक्टरने या आजाराने सुजून, थंड पडलेल्या 46 वर्षांच्या एका बाईला मेंढीच्या थायरॉइडचा अर्क टोचला. ती उठून कामाला लागली. पुढे तो अर्क ती पोटातून घेत राहिली आणि त्यावर आणखी 28 वर्षं जगली. 1914 च्या नाताळात अमेरिकेत केंडल नावाच्या शास्त्रज्ञाने ग्रंथीतून शुद्ध थायरॉक्झिन वेगळं केलं, 1927 मध्ये ते प्रयोगशाळेत बनवता आलं. आज तेच द्रव्य तुमच्या बोटाच्या चिमटीत मावतं.

रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर ती कोणती ते डॉक्टरांना पुन्हा एकदा दाखवा, काही गोळ्यांचा जोर थायरॉक्झिनमुळे वाढतो. चालताना छातीत दाटलं, धाप लागली, ठोके चुकल्यासारखे वाटले तर रात्र असो की पहाट, दवाखान्याचा रस्ता धरायचा. तसं काही नसेल तर सहा आठवड्यांनी टीएसएच करा आणि रिपोर्ट घेऊन त्यांच्याकडेच जा. तोवर 25 चीच, सकाळी उठल्या उठल्या, पाण्यासोबत. वहिनींना सांगा, चहा अर्ध्या तासाने ठेवा.